पाच काठ्यांचं घर

दोस्तांनो, एक सोपा प्रश्न विचारते. तुमच्या घरातली सगळ्यांत लांब वस्तू कोणती? जळमटं काढायचा झाडू? पडद्याचा दांडा? गाव कोकणात असेल तर आंबे उतरवायचा झेला?

आता दुसरा प्रश्न. त्या वस्तूची ठरलेली जागा कोणती?

अडलात ना? पुस्तकांना कपाट असतं, ताटांना फळी असते, शर्टाला खुंटी असते. लांब वस्तूंना मात्र घरात जागा नसते, नुसता कोपरा असतो! दाराआड, कपाटामागे, कुठेतरी तिरप्या टेकून त्या उभ्या असतात. कुणाचा धक्का लागला की धाडकन पडतात. आपण चरफडत उचलतो आणि परत तिथेच टेकवून ठेवतो.

आमच्या गावच्या घरी अशा पाच लांब वस्तू होत्या. त्या होत्या आमच्या आजोबांच्या, म्हणजे अण्णांच्या, मासे पकडायच्या काठ्या. त्या पाच काठ्यांना आम्ही एक घर बांधलं, त्याची ही हकिकत. कसं बांधलं ते तर सांगतेच, पण ते का बांधावं लागलं, ते आधी ऐका.

अण्णांचं गरवणं

आमचं गाव देवगड तालुक्यात, वाघोटण खाडीच्या काठी. हीच खाडी पुढे विजयदुर्गाजवळ समुद्राला मिळते. आमच्याकडे मासे पकडायच्या गळाला ‘गरी’ म्हणतात आणि गरीने मासे पकडण्याला ‘गरवणं’. गरीला ज्या पारदर्शक नायलॉनच्या दोरीला बांधतात, तिला म्हणतात ‘तंगूस’. हे तीन शब्द लक्षात ठेवा, पुढे लागतील.

अण्णा काही मच्छिमार नव्हते. ते शाळामास्तर. पण निवृत्त झाल्यापासून भरतीची वेळ बघून रोज खाडीवर जायचे. तांबोशी मिळाली तर स्वारी खूश. शेंगटी मिळाली तर तिच्या काट्यापासून बोटं सांभाळत घरी यायचे. आणि काहीच मिळालं नाही, तरीही खूशच! “मासे मिळाले नाहीत तर गेला कशाला होतात?” असं कुणी विचारलं की म्हणायचे, “अरे, मी गेलो म्हणून खाडी भरली!”

पाच काठ्यांपैकी चार अण्णांनी स्वतः केलेल्या. एक १२ फुटी, दोन १० फुटी आणि एक ६ फुटी, ती आम्हा पोरांसाठी. चारही माणग्याच्या. माणगा म्हणजे सिंधुदुर्गात बांधाबांधावर दिसणारा बांबू. तो आतून जवळजवळ भरीव असतो, सरळ वाढतो आणि त्याला काटे नसतात. त्यामुळे काठीसाठी एकदम झकास. पावसाळा संपल्यावर थंडीत पक्का झालेला बांबू तोडायचा. मग तो बरेच दिवस पाण्यात बुडवून ठेवायचा. का माहितेय? बांबूच्या आत पिठूळ पदार्थ असतो, स्टार्च. तो खायला भुंगेरे येतात आणि बांबू पोखरून त्याची पूड करतात. पाण्यात स्टार्च निघून गेला की भुंगेऱ्यांची मेजवानी रद्द! सावलीत सुकवल्यावर जिथे वाक असेल तिथे निखाऱ्यावर जपून शेकायचं आणि गरम असतानाच हळूहळू दाबून सरळ करायचं. एकेका काठीमागे अशी कितीतरी दिवसांची मेहनत होती.

पाचवी काठी फायबर ग्लासची, ७ फुटी, रीळवाली. बोटीवर नोकरीला असलेल्या काकांनी ती आणली होती. काचेचे अगदी बारीक तंतू चिकट द्रवात बसवून, घट्ट करून ती बनवतात. अण्णांनी तिचं नाव ठेवलं होतं ‘पाहुणी’. कारण ती पडवीत असायची, पण कामाला क्वचितच लागायची.

आणि या पाचही जणी राहायच्या कुठे? पडवीच्या दाराआड. तिरप्या टेकून, गरीसकट!

ती दुपार

ही गोष्ट १९९६ च्या मे महिन्यातली. मी नुकतीच आठवीत गेले होते. कोकण रेल्वे संपूर्ण सुरू झाली ती १९९८ साली, तेव्हा आम्ही मुंबईहून रात्रभर एस.टी.त हिंदकळत गावी पोचायचो. घर चुलत-मावस भावंडांनी गच्च भरलेलं. दुपारी लपाछपीचा डाव रंगला होता. काकांची चिंगी तेव्हा चार वर्षांची. ती लपायला दाराआड शिरली. काठ्या कोसळल्या आणि एक गरी तिच्या तळपायात रुतली.

तुम्ही गरी जवळून पाहिलीय का? तिच्या टोकाला आत वळलेलं एक बारीक उलटं टोक असतं. ते आत जाताना सहज जातं, बाहेर येताना मात्र अडतं. म्हणून तर माशाला सुटता येत नाही. आणि म्हणूनच शरीरात रुतलेली गरी आपण कधी ओढून काढायची नसते. ओढली की जखम फाटते. अण्णांनी तंगूस कापला, गरीला हात लावू दिला नाही आणि काकांनी चिंगीला उचलून डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी जागा बधिर करून गरी काढली आणि धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. चार दिवसांत चिंगी पुन्हा उड्या मारायला लागली.

पण घरात त्या संध्याकाळी वेगळंच वादळ उठलं. आजी कधी आवाज चढवायची नाही. त्या दिवशी मात्र ती पडवीत येऊन एकच वाक्य बोलली, “ह्या घरात आता गरी दिसूक नको!”

अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी पाचही काठ्या सुंभाने बांधल्या आणि मागच्या गोठ्यात नेऊन ठेवल्या. दुसऱ्या दिवशी भरती आली, अण्णा उठले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. पडवीतल्या बाकड्यावर बसून ते खाडीच्या दिशेने बघत राहायचे. डोळ्यांवर हाताची झापडं करून, कारण त्यांना मोतीबिंदू झाला होता.

मला आजीचंही पटत होतं आणि अण्णांचंही. पुन्हा कुणा लहानग्याच्या पायात, किंवा देव न करो, डोळ्यात गरी गेली असती तर? पण खाडीवर न जाणारे अण्णा मला अर्धेच वाटत होते. आमच्या परतीच्या एस.टी.ला बारा दिवस उरले होते.

मेस्त्रींचे प्रश्न

शेजारच्या वाडीत एक मेस्त्री राहायचे. मेस्त्री म्हणजे सुतारकाम करणारे काका. मी त्यांच्याकडे गेले आणि म्हटलं, “काका, मला काठ्या ठेवायला काहीतरी करायचंय. लाकूड द्याल का?”

मला वाटलं होतं, ते करवत उचलतील. त्यांनी उचलली विडी! आणि म्हणाले, “आधी माप, मगे करवत.”

मी म्हटलं, “मापं आहेत ना! १२ फूट, १० फूट...”

ते हसले. काठ्यांची मापं नव्हेत म्हणाले. त्यांनी मला तीन प्रश्न दिले आणि उत्तरं घेऊन यायला सांगितलं. वस्तू कोण उचलणार? कुणाचा हात तिथे पोचता नये? आणि वस्तू कशाने बिघडते?

दोस्तांनो, हे तीन प्रश्न वहीत लिहून ठेवा. मी आजवर घरात जे जे म्हणून ठोकलं-जोडलं, ते याच तीन प्रश्नांवर.

पहिलं आणि दुसरं उत्तर

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं. काठ्या उचलणार अण्णा. पण अण्णांचा उजवा खांदा आखडलेला. हात डोक्याच्या वर नेला की कळ यायची. त्यांच्या खांद्याची उंची मी टेपने मोजली: साडेचार फूट. म्हणजे काठ्या साधारण त्याच उंचीवर हव्यात. छताजवळ बांधून टाकल्या तर सुरक्षित राहतील, पण अण्णांसाठी त्या नसल्यासारख्याच.

दुसऱ्या प्रश्नासाठी आम्ही खेळच केला. चिंगीच्या बोटांना खडू लावला आणि भिंतीवर जास्तीत जास्त उंच ठसा कोण उमटवतं, अशी स्पर्धा लावली. चिंगीने टाचा उंचावल्या, उड्या मारल्या. तिचा सर्वांत उंच ठसा होता ४ फुटांवर. म्हणजे सर्वांत खालची काठी ४ फूट २ इंचांवर ठेवायची आणि तिथलं बाकडं समोरच्या भिंतीला हलवायचं, हे पक्कं झालं.

एवढ्यात माझ्या मनात आलं की चिंगीला लागलं ते काठीने कुठे? लागलं ते गरीने. मग गरी काठीला कायमची बांधून ठेवायचीच कशाला? काम झाल्यावर ती सोडून डब्यात ठेवली तर?

मी अण्णांना विचारलं. ते थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग हळूच म्हणाले, “सोडली तर परत बांधतलो कोण? माका आता तंगूस दिसना नाय गो.”

मी गप्पच झाले. केसासारखा पारदर्शक तंगूस, गरीचं ते एवढंसं नाक आणि मोतीबिंदू झालेले डोळे! शेजारचा एक मुलगा अधूनमधून येऊन त्यांना गऱ्या बांधून द्यायचा. एकदा बांधलेली गरी अण्णा जपून जपून वापरायचे. ती सोडायची म्हणजे पुन्हा कुणाची तरी वाट बघणं आलं. घरात कुणाला म्हणजे कुणालाही हे ठाऊक नव्हतं. सगळ्यांना वाटत होतं, अण्णा निष्काळजी आहेत.

तिसरं उत्तर

काठी कशाने बिघडते? हे मात्र अण्णांनीच सांगितलं, आणि सांगता सांगता आठवड्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज मोकळा झाला.

एक म्हणजे ओल. पावसाळ्यात जमिनीला ओल येते. काठीचा बुंधा जमिनीवर टेकलेला असेल तर त्याला बुरशी धरते आणि वाळवीचं तर फावतंच. दुसरं म्हणजे मीठ. खाऱ्या पाण्याने गरी आणि रिळाचे धातूचे भाग गंजतात. म्हणून घरी आल्यावर सगळं गोड्या पाण्याने धुऊन, पुसून सुकवायचं.

आणि तिसरं म्हणजे तिरपं टेकवणं. पुस्तकांच्या भाराने फळी मध्ये वाकलेली पाहिलीय ना? ती एका दिवसात वाकत नाही. भार थोडाच असतो, पण तो रात्रंदिवस असतो. लाकूड आणि बांबू अशा सततच्या भाराखाली हळूहळू वाकतात आणि मग भार काढला तरी पूर्ण सरळ होत नाहीत. तिरपी टेकवलेली लांब काठी स्वतःच्याच वजनाने अशी वाकते. अण्णांची १२ फुटी काठी दाराआड राहून राहून धनुष्यासारखी झाली होती.

मग सरळ उभी का ठेवू नये? १२ फुटी काठी आमच्या उतरत्या कौलांखाली मावणार कशी! म्हणजे काठ्या भिंतीवर आडव्याच ठेवायला हव्या.

टेकू कुठे द्यायचा?

आता आला खरा गमतीचा भाग. आडव्या काठीला दोन टेकू लागतात. ते कुठे द्यायचे? कुणीही म्हणेल, दोन्ही टोकांना!

मेस्त्रींनी आमच्या खळ्यात दोन सारख्या उंचीची स्टुलं मांडली. अण्णांनी आधी १२ फुटी काठी शेकून सरळ करून घेतली. मग ती टोकांवर टेकवून स्टुलांवर ठेवली आणि बुंध्यापासून शेंड्यापर्यंत ताणून दोरा धरला. काठीचं पोट दोऱ्याखाली चांगलं दोन बोटं लोंबत होतं! “शेंड्याक टेकू नको, पोटाक दी,” अण्णा बाकड्यावरून ओरडले. मेस्त्रींनी स्टुलं आत सरकवली. प्रत्येक टोकापासून तीनेक फूट आत आल्यावर दोरा आणि काठी जवळजवळ एक झाली. आत टेकू दिल्याने दोन्ही टोकांचं वजन खाली ओढतं, त्यामुळे मधलं पोट उचललं जातं. तराजूच समजा ना!

पुढे कॉलेजात गेल्यावर मला कळलं की हा प्रश्न फार मोठ्या माणसांनीही सोडवला होता. जॉर्ज एअरी (१८०१–१८९२) हे इंग्लंडमधल्या ग्रिनिच वेधशाळेचे प्रमुख खगोलशास्त्रज्ञ. लांबी मोजायचा प्रमाण दांडा स्वतःच वाकला तर माप चुकणार, म्हणून त्याला नेमका कुठे टेकू द्यावा, याचं गणित त्यांनी मांडलं. दांडा सगळीकडे सारख्या जाडीचा असेल, तर प्रत्येक टोकापासून लांबीच्या पाचव्या भागाहून किंचित आत टेकू द्यावा. अगदी टोकांना टेकू दिल्यावर जेवढा झोल पडतो, त्याच्या सुमारे पन्नासाव्या हिश्शावर तो आणता येतो!

फ्रान्समध्ये प्लॅटिनम आणि इरिडियम या धातूंचा मीटरचा प्रमाण दांडा आहे. १८८९ पासून जगाचा मीटर त्यावरून ठरायचा. तो दोन रुळांवर ठेवायचा आणि रुळांमधलं अंतर ५७१ मिलिमीटर असावं, असं १९२७ साली व्याख्येतच लिहिलं गेलं. पुढे १९६० साली मीटरची व्याख्या बदलली आणि १९८३ पासून तर ती प्रकाशाच्या वेगावरून ठरते. पण बघा, जगाचं माप सांगणारा दांडा आणि अण्णांची माणग्याची काठी, दोघांनाही निजायला एकच नियम!

काठी मात्र दांड्यासारखी एकसारखी नसते. बुंध्याला जाड, शेंड्याला बारीक असते. म्हणून नियम लावल्यावरही दोरा धरून थोडं पुढेमागे सरकवून बघावं लागतं.

पाच काठ्या, दहा खुंट्या

मेस्त्रींकडे जुन्या फणसाच्या फळीचे तुकडे पडले होते. त्यातून आम्ही प्रत्येकी २ फूट लांब, ३ इंच रुंद आणि दीड इंच जाड अशा तीन पट्ट्या काढल्या. रंधा मारला. कडा पॉलिश पेपरने घासल्या, म्हणजे कुणाला कूस लागायला नको.

या पट्ट्या भिंतीवर उभ्या बसवायच्या. पहिली आणि तिसरी यांच्यात ६ फुटांचं अंतर, लांब काठ्यांसाठी. त्यांच्यामधली पट्टी पहिलीपासून साडेतीन फुटांवर, आखूड काठ्यांसाठी. खुंट्यांच्या ओळी पाच, एकीखाली एक, प्रत्येकीत ४ इंचांचं अंतर. सर्वांत खाली, ४ फूट २ इंचांवर, पोरांची ६ फुटी. तिच्यावर अण्णांच्या रोजच्या दोन १० फुटी, म्हणजे बरोब्बर त्यांच्या खांद्याशी. मग १२ फुटी आणि सगळ्यांत वर ‘पाहुणी’. काठी एक, खुंट्या दोन. पाच काठ्या, दहा खुंट्या!

खुंट्यांची भोकं पाडताना मेस्त्रींनी गिरमिटाची मूठ जराशी वर धरायला लावली. त्यामुळे भोक आत उतरतं होतं आणि खुंटी बाहेर चढती राहते. काठी घरंगळली तर भिंतीकडे घरंगळते, अंगावर नाही. खुंट्या सागाच्या, ५ इंची. सरस लावून ठोकल्या. सायकलच्या फाटक्या ट्यूबच्या पट्ट्या कापून खुंट्यांवर चढवल्या, म्हणजे काठीला ओरखडे नकोत.

आता भिंत. आमची भिंत चिऱ्याची. चिऱ्यात नुसता खिळा मारला तर तो सैल होतो. म्हणून प्रत्येक पट्टीसाठी भिंतीत दोन भोकं पाडून त्यात लाकडी गुट्ट्या ठोकल्या आणि त्या गुट्ट्यांत स्क्रू पिळले. तिन्ही पट्ट्या एका पातळीत कशा आणल्या सांगू? गवंडी वापरतात तशी एक पारदर्शक नळी घेतली आणि पाण्याने भरली. नळी कितीही वाकडीतिकडी धरा, दोन्ही टोकांना पाण्याची पातळी एकच! तिथे खुणा केल्या. पट्टी उभी सरळ आहे की नाही, ते ओळंब्याने पाहिलं.

करवत आणि गिरमिट चालवताना मेस्त्री माझ्या शेजारून हलले नाहीत, बरं का. तुम्हीही मोठं माणूस शेजारी असल्याशिवाय ही हत्यारं हातात घेऊ नका.

डबा आणि दहाची मोजणी

काठ्यांना घर मिळालं, पण आजीचा खरा राग होता गरीवर. त्याचं काय?

मी प्रत्येक काठीच्या तंगुसाच्या टोकाला बोटभर मोठी कडी बांधली, अंधारातही चाचपून सापडेल अशी. मग हातभर तंगुसाचे दहा तुकडे घेतले. प्रत्येकाच्या एका टोकाला गरी, दुसऱ्या टोकाला तशीच मोठी कडी. आता बारीक गाठ मारायचं कामच उरलं नाही. तंगुसाची कडी गरीच्या कडीतून ओवायची, तिच्यातून गरी पलीकडे काढायची आणि ओढायचं. झालं! अण्णांनी डोळे मिटून करून बघितलं. पहिल्या खेपेला जमलं.

दहा गऱ्या राहायच्या कुठे? फाटक्या हवाई चपलेच्या तळाच्या पट्ट्या कापल्या. त्या मऊ रबरात गरीचं टोक खुपसायचं आणि उरलेला तंगूस पट्टीभोवती गुंडाळायचा. पट्ट्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, डब्याचं झाकण घट्ट, डबा पडवीतल्या उंच फळीवर. आणि झाकणावर आजीने स्वतः खडूने आकडा लिहिला: १०.

हो, आजीने! ती सगळं लांबून बघत होतीच. तिची अट एकच होती. सकाळी दहा, संध्याकाळी दहा. एखादी गरी खडकात अडकून तुटली तर अण्णांनी ते येऊन सांगायचं, म्हणजे ती घरात पडलेली नाही, हे कळेल. आणि एक हिशेबात लागली नाही, तर सापडेपर्यंत कुणी अनवाणी फिरायचं नाही.

नवव्या दिवशी काठ्या गोठ्यातून पडवीत आल्या. अण्णांनी १० फुटी काढली, ठेवली, परत काढली. “हात वर करूक लागना नाय,” एवढंच म्हणाले. दुपारी भरती होती. ते गेले. संध्याकाळी आजीने डबा उघडून गऱ्या मोजल्या, मगच चुलीवर तवा ठेवला.

तुम्हाला करायचं असेल तर

सगळ्यांच्याच घरी मासे गरवायच्या काठ्या नसतात. पण छत्र्या असतात, क्रिकेटच्या स्टंपा असतात, बासरी असते, आजोबांची चालायची काठी असते. फ्लॅटच्या भिंतीवर गुट्ट्या ठोकायच्या नसतील तर पाण्याच्या जाड प्लास्टिक पाइपचे वीतभर तुकडे एका फळीवर ओळीने बसवा. छत्र्या उभ्या राहतील. तळाला भोक ठेवा, म्हणजे पाणी निथळेल. कुणाकडे आजकालची कार्बन फायबरची काठी असेल तर एक गोष्ट घोकून ठेवा. कार्बनमधून वीज वाहते. अशी काठी विजेच्या तारांजवळ उचलायची नाही आणि ढग गडगडत असताना तर हातातही धरायची नाही.

पण पाइप आणि फळी नंतर. आधी ते तीन प्रश्न. कोण उचलणार, कुणाचा हात पोचता नये, कशाने बिघडतं? फूटपट्टी घेऊन घरात फिरा. आजीचा हात कुठवर जातो, धाकट्या भावाचा कुठवर, ते खरोखर मोजा. आणि मोजताना विचारासुद्धा. “तुम्ही हे असं का ठेवता?” या प्रश्नाला कधीकधी असं उत्तर मिळतं, जे त्या माणसाने इतकी वर्षं कुणालाच सांगितलेलं नसतं.

अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन १९९७ साली झालं. त्यांना तंगूस पुन्हा दिसू लागला. तरी कड्यांची पद्धत त्यांनी मोडली नाही आणि दहाची मोजणी तर आजीने शेवटपर्यंत सोडली नाही. २००८ साली अण्णा गेले. फणसाच्या त्या तीन पट्ट्या अजून भिंतीवर आहेत. सरळ आहेत. गेल्या मे महिन्यात चिंगीची मुलगी त्या भिंतीशी टाचा उंचावून उभी होती. सर्वांत खालच्या खुंटीवरची ६ फुटी काठी तिला हवी होती. हात अजून चार बोटं कमी पडतो. चिंगीने तिला सांगितलंय, पोचलीस की काठी तुझी!